उरलेले तोकुमारू मास्तर

तोकुमारू मास्तरांनी मला एकच शब्द दिला होता. मेल्यावर मला तूच जाळशील.

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर धमकी वाटली असती. पण आम्ही दोघं गावच्या दाहिनीवर कामाला, त्यामुळे ‘मी निवृत्त झालो की माझी खुर्ची तुझी’ म्हणण्याइतकंच ते प्रेमाचं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर म्हणाले, राख गेली असेल.

काम मला त्यांनीच शिकवलं, आणि आमचं काम म्हणजे नियम. परवान्यावरचं नाव जुळल्याशिवाय पेटी आत घ्यायची नाही. मेल्याला चोवीस तास उलटल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही. न जाणो, माणसाचा विचार बदलला तर. छातीत पेसमेकर आहे का ते आधी विचारायचं, नाहीतर तो आत फुटतो आणि घरच्यांना वाटतं, आजोबा अजून रागावलेलेच आहेत. एका वेळी आत एकच माणूस, नवराबायको एकाच दिवशी गेले तरी. कायद्याला प्रेम कळत नाही, घोटाळा कळतो, असं मास्तर म्हणत.

शेवटचा नियम उरलेल्याचा. नदीच्या अलीकडे आमच्यात कलश लहान असतो. घरची माणसं काड्यांनी पायांपासून वर वर थोडी थोडी हाडं उचलतात, शेवटी मानेतला तो ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखा मणका ठेवतात, झाकण लावतात आणि जातात. निम्म्याहून जास्त माणूस मागे राहतो. तो कायद्याने गावचा. कधी कोणी विचारलंच, की हे उरलेलं कुठे जातं, तर मास्तर मान झुकवून म्हणायचे, “मागे समाधी आहे.”

होतीच. मागच्या अंगणात, दगडी. रोज सकाळी आम्ही दोघं तिच्यापुढे वाकायचो. मी मास्तरांपेक्षा जास्त वाकायचो, कारण मी नवा होतो आणि माझी कंबर चांगली होती. मास्तरांच्या कंबरेत धातूचा सांधा होता.

उरलेलं आधी कोठीत गोण्यांमध्ये साठायचं. दर हिवाळ्यात एक दिवस मास्तर मला सुट्टी द्यायचे, वर गरम पाण्याच्या कुंडाचं तिकीटही. मी परत येईपर्यंत कोठी रिकामी आणि मास्तर गप्प. एवढं सगळं म्हाताऱ्याने एकट्याने समाधीखाली घातलं, या विचाराने मला लाज वाटायची. म्हणून मी त्यांच्यासाठी कुंडावरची उकडलेली अंडी आणायचो. ते ती खायचे नाहीत. मला वाटायचं, पित्त असेल.

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मी दाहिनी आतून घासून काढली. दार इतकं चकचकीत केलं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं, आणि तशा ठिकाणी ते दिसू नये. अंत्ययात्रेच्या दिवशी पांढरे हातमोजे घालून मी फाटकात उभा राहिलो. काळी गाडी आली. पुढच्या सीटवर मास्तरांची बायको, मिसाओ काकू, फोटो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी वाकलो. डोकं वर केलं तेव्हा गाडी फाटकावरून पुढे जाऊन पुलावर चढली होती.

पुलापलीकडे दुसरं गाव आहे. त्याची दाहिनीही दुसरी.

रस्ता चुकले असतील असं मला वाटलं, म्हणून मी दाहिनीची व्हॅन काढून मागे गेलो. कोणी रस्ता चुकलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा पेटी आत गेली होती आणि ओगीसो नावाच्या कुणा बाईंनी बटण दाबलं होतं. माझे हातमोजे पाहून तिथल्या शिपायाने मला बाकं सरकवायला सांगितलं. मी सरकवली.

काकू प्रतीक्षागृहात एकट्या बसल्या होत्या. शेजारी पदराखाली झाकावा तसा रुमालात बांधलेला तीन पुडांचा लाकडी डबा आणि कलश.

“काकू, मास्तरांनी मला शब्द दिला होता.”

“माहितेय. शेवटपर्यंत तेच चाललं होतं. इनाबाला सांगू नकोस, इनाबाला सांगू नकोस.”

इनाबा म्हणजे मी. “काय सांगू नकोस?”

काकूंनी सांगितलं. समाधीखाली काही नाही. खाली सिमेंटची लादी आहे, आणि ती मास्तरांनीच घातली होती. हिवाळ्यात शहरातून एक ठेकेदार ट्रक घेऊन येतो आणि गोण्या नेतो. चाळून दातांतलं सोनं निघतं, गुडघ्यांतले धातू निघतात, आणि त्याची किंमत गावाला मिळते. गेल्या वर्षी आमच्या प्रतीक्षागृहात कॉफीचं मशीन आलं ते त्यातूनच. त्या मशीनचं उद्घाटन माझ्या हस्ते झालं होतं.

“सगळं कायद्यात बसतं हं,” काकू म्हणाल्या. “यांनी साहेबांना दोनदा विचारलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू फार वाकायचास रे.”

मी म्हणालो, सगळी हाडं मागितली असती तर मी आपल्याकडेच दिली असती. घरच्यांनी मागितलं तर द्यावंच लागतं, नियम आहे. फक्त कोणी मागत नाही.

“आणि तू विचारलं असतंस, सगळी कशाला. मग मी काय सांगणार होते? त्यापेक्षा पूल सोपा. इथे न मागता सगळं देतात.”

म्हणजे ट्रकला माणूस घाबरत होता ते ठीक. पण घर सोडून परक्या गावात जळायला गेला तो माझ्या एका प्रश्नाला घाबरून.

ओगीसोबाईंनी आम्हाला आत बोलावलं. मास्तर खाटेवर पांढरेशुभ्र पसरले होते. बाईंचा हात चांगला होता. एकही हाड फुटलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. आम्ही काड्या उचलल्या, आणि काकूंनी रुमाल सोडून कलश पुढे ठेवला. बाई कलशाकडे बघतच राहिल्या.

“हा लहान आहे.”

“नेहमीचा आहे,” काकू म्हणाल्या. आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. आमच्याच दुकानातून सवयीने आमचाच कलश आणला होता. मांड्यांपर्यंत येता येताच तो भरला.

“जरा दाबा ना.”

“नाही काकू, दाबत नाहीत,” बाई म्हणाल्या. “आणि इथे मागे काही ठेवताही येत नाही. आमच्याकडे उरलेलं नसतंच.”

मोठा कलश आणायचा तर पूल ओलांडून परत यावं लागलं असतं, आणि खाटेची पाळी दुसऱ्यांची होती. काकूंनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“भूक आहे का?”

डब्यात आंबट आलुबुखार भरलेले भाताचे गोळे होते. आम्ही तिघं मास्तरांभोवती उभं राहून खायला लागलो. ओगीसोबाईंनी आधी नियमाबाहेर आहे म्हणून नको म्हटलं, मग दोन घेतले. मला म्हाताऱ्याचा इतका राग आला होता की मी चार खाल्ले. प्रत्येक घासागणिक डब्यात त्याच्यासाठीच जागा होत होती, हे कळत होतं.

पुसलेल्या डब्यात मास्तर नीट मावले. मणका काकूंनी कलशात सर्वांत वर ठेवला. शेवटी बाईंनी कंबरेतला धातूचा गोळा पुढे केला, हेही तुमचंच म्हणाल्या. काकूंनी तो माझ्या मुठीत दिला. अजून कोमट होता.

“ट्रकवाल्याला देऊ नकोस.”

दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या दाहिनीवर उभा होतो. सकाळी समाधीपुढे वाकलो नव्हतो. एका म्हातारीने नवऱ्याचा मणका कलशात ठेवला, झाकण लावलं, आणि निघता निघता खाटेवर राहिलेल्याकडे वळून पाहिलं.

“हे कुठे जातं हो?”

मास्तरांचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खिशातला गोळा मांडीला लागत होता.

“आजी, डबा आणलाय का?” मी विचारलं.

“आणलाय की. भाताचे गोळे आहेत. का?”

“मग आधी जेवून घ्या.”