काजळी, साडेअकराच्या आत

गच्चीवरच्या कबुतरांच्या ढाबळीला चौदा खण होते. तेरांमध्ये कबुतरं होती, चौदावा उघडा होता. शिवाय पाण्याची टाकी एक, वहिनीची खुर्ची एक, आणि अकरा वाजल्यापासून माणसं तीन: दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको.

चौदाव्या खणातली काजळी सकाळी सहाला दुसऱ्या शहरातून सोडली होती. रस्त्याने ते शहर चारशे ऐंशी किलोमीटर. सरळ रेषेत तीनशे शहाण्णव, आणि कबुतर सरळ येतं. थोरल्याला गच्चीवर खोली बांधायची होती, धाकट्याचा जीव ढाबळीत होता. महिनाभर भांडून पैज ठरली. काजळीने मिनिटाला बाराशे मीटरचा वेग गाठला, म्हणजे साडेअकराच्या आत ती खणात शिरली, तर ढाबळ राहील. नाहीतर संध्याकाळी मोडायची. पंच वहिनी, कारण तिच्यापुढे दोघांचंही चालत नसे. थोरल्याने पाखराला किंवा ढाबळीला हुसकावण्यापुरताही हात लावायचा नाही, अशी अट होती. भावाला हात लावायचा नाही, हे घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

थोरला लोखंडी पाना घेऊन वर आला. टाकीचा नळ गळतोय म्हणाला. नळ ठणठणीत होता.

"विमानाला पन्नास मिनिटं लागतात," तो म्हणाला. "तुझी बाई वाटेत बाजार करत बसली का?"

धाकटा हसला. मग थोरल्याने त्याची गेलेली नोकरी काढली, मोडलेलं लग्न काढलं, आणि शेवटी म्हणाला की आई गेली तेव्हाही तू इथेच दाणे टाकत होतास. धाकट्याने त्याची कॉलर धरली. थोरल्याला तेवढंच हवं होतं.

पाना खांद्यावर बसला. दुसरा घाव कानामागे. धाकट्याने त्याच्या पोटात डोकं घातलं, दोघे टाकीवर आदळले, थोरल्याचा ओठ फाटला. वहिनी ओरडत मध्ये पडली, तशी कुणाच्या तरी लाथेने खुर्ची उलटली. तेरा कबुतरं जाळीवर पंख आपटू लागली. रक्त डोळ्यांत उतरत असतानाच धाकट्याला वर काजळी दिसली. ती घिरट्या घालत होती. खाली झटापट चालू असली की पाखरू उतरत नाही. हे त्याला लहानपणी शिकवलं होतं ते दादानेच.

म्हणजे हा मारायला आलेला नाही. वेळ काढायला आलाय.

थोरल्याच्या हातातला पाना हिसकावून, तो छातीखाली दाबून धाकटा पालथा पडला आणि हलेनासा झाला. डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून त्याने वहिनीला गप्प केलं. बायकोदेखत थोरल्याला पाखरू हुसकावता येईना. त्याने बुटाची टाच भावाच्या उजव्या पंजावर ठेवली आणि हळूहळू भार टाकला.

"ओरड," तो दबक्या आवाजात म्हणाला. "ओरड की."

करंगळी मोडली. मग तिच्या शेजारचं बोट. धाकट्याने बाही दातांत धरली. काजळी टाकीवर बसली, मान वाकडी करून तिने दोघांकडे पाहिलं, आणि ढाबळीच्या फळीवर उतरली. टाच फिरली. तिसरं बोट मोडलं.

काजळी खणात शिरली.

वहिनीने मोबाईलवरचं घड्याळ थांबवलं, हिशेब केला आणि नवऱ्याकडे बघत मोठ्याने वाचला: तीनशे शहाण्णव किलोमीटर, पाच तास अठ्ठावीस मिनिटं, मिनिटाला बाराशे सात मीटर.