सहा पाउंडांचा प्रवासी

लीलंड ब्रँडवोल्डची पिशवी सहा पाउंडांची होती, आणि हे तो कुणी न विचारताच सांगत असे. दूर उत्तरेत कुस्कोक्विम नदीकाठच्या त्या बिनरस्त्याच्या गावात आठ वर्षं मास्तरकी करताना त्याने भागाकार किती शिकवला ते पोरांना ठाऊक. विमानप्रवासाचं सामान कसं बांधावं, हे मात्र गावातल्या कुत्र्यांनाही पाठ झालं होतं. शर्टाची घडी घालायची नाही, गुंडाळी करायची. जड बूट पायात. टूथपेस्ट दोन दिवसांपुरती, डबीत काढून.

उद्या सकाळी अकराला अँकरेज शहरात त्याच्या मुलीचं लग्न होतं. 'बाबा, तुमचा हात धरल्याशिवाय मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही,' असं तिने बजावलं होतं. सूट तिकडेच भाड्याने घेतलेला. आधी छोट्या विमानाने बेथेलला जायचं, तिथून मोठ्या विमानाने अँकरेज; छोट्या विमानात त्याने जागा सगळ्यांत शेवटी धरली होती. एवढ्याशा पिशवीला काय, केव्हाही जागा मिळते!

धावपट्टीवरच्या पत्र्याच्या खोलीत ओलिंका आजी तीन खोकी घेऊन बसली होती. धुरावलेल्या माशांचा वास दारापर्यंत येत होता.

"काय आजी, घर हलवताय की काय?"

"तू हस, मास्तर. रिकाम्या हाताने अँकरेजला लेकीकडे जायला मी काय पाहुणी आहे?"

तेवढ्यात वायरलेसवर वैमानिक बोलला. वारा समोरून आहे, इंधन जास्त घ्यावं लागलं, वजन कमी करा. विमान कंपनीचा एजंट वासिली याने एकेकाला सामानासकट काट्यावर चढवलं.

"मास्तर, तुम्ही वजन दोनशे दहा लिहिलंय."

"हो, साधारण."

"काटा दोनशे बावन्न म्हणतोय. पिशवीचे सहा वजा करा हवं तर."

ओलिंका आजीने खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे हलत होते.

एकूण चाळीस पाउंड जास्त भरले. त्याच विमानाने निघालेल्या नर्सबाईंनी पुस्तकांचं खोकं उतरवलं, वीस गेले. वासिली लीलंडकडे वळला. "शेवटची जागा तुमची. काय काढताय?"

लीलंडने पिशवी उघडली. दोन शर्ट, मोजे, दाढीचं सामान. सगळं टाकलं असतं तरी चौदा पाउंड उरतच होते. ज्यांच्याकडे ओझं होतं त्यांच्याकडे टाकण्यासारखं काहीतरी होतं. त्याच्याकडे टाकण्यासारखा फक्त तोच होता.

"पुढचं विमान सोमवारी," वासिली हळूच म्हणाला.

लीलंड बाकावर बसला. मोजे पुन्हा गुंडाळून त्याने पिशवीत ठेवले.

आजीने सुस्कारा टाकला आणि एक खोकं पायाने बाजूला सरकवलं. "हे पंचवीस भरेल. सोमवारी पाठव रे वासिली."

"आजी, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? मोठ्या विमानात तुझ्या तिकिटावर खोकी फुकट जातात ना? किती?"

"दोन."

"आणि तू नेतोस शून्य. दर खेपेला. मला झोप लागत नाही रे त्या विचाराने! बेथेलला बहिणीकडे माझी दोन पडलीयेत, पन्नास-पन्नासची. ती तुझ्या नावावर."

संध्याकाळी बेथेलला मोठ्या विमानाच्या काउंटरवर लीलंड पहिलं खोकं उचलायला वाकला. माशांचं तेल बाहीला लागलं. मागून आजीचा आवाज आला,

"कमरेतून नको, गुडघ्यातून उचल. उद्या लेकीसोबत सरळ चालायचंय ना तुला?"