अकराशे फेरे

तृप्तीच्या हाताला दोन सवयी लागल्या होत्या. पाळण्यातल्या मोनाच्या नाकाखाली बोट धरून श्वास येतो का पाहायचं, आणि कॉम्प्युटरच्या मागे तळवा धरून वारा येतो का पाहायचं. वरठीतल्या त्या एकाच खोलीत पाळणा आणि कॉम्प्युटर, मध्ये जेमतेम चार हातांचं अंतर.

"का वं तृप्ती," सासू मालनबाई एकदा म्हणाल्याच, "लेकराच्या नाकापाशी हात, अन् त्या डब्ब्याच्याबी मांगं हात? त्यालेबी दूध पाजशीन का आता?"

तृप्ती हसली, पण सवय काही सुटली नाही. तिचा जीवच तसा. धुराने मोनाला खोकला होईल म्हणून तिने सासूची कोळशाची शेगडीसुद्धा बंद करायला लावली होती. मालनबाई दोन दिवस गाल फुगवून बसल्या, मग आपल्या कामाला लागल्या.

अड्याळच्या एका स्टुडिओतून लग्नांचे व्हिडिओ तिच्याकडे जोडायला येत. बाळंतपणानंतर घरबसल्या मिळालेलं हे काम तिला जिवापाड आवडलं होतं. पण व्हिडिओ तयार व्हायला लागला की कॉम्प्युटर तासन्‌तास राबायचा, आणि पंधरवड्यात दोनदा तो भर सकाळी तापून बंद पडला होता. शेजारी चार महिन्यांचं लेकरू! तिने ठरवून टाकलं होतं, रविवारपर्यंत ही धाकधूक गेली नाही, तर काम परत.

"एवढी थंडी पडून राहिली, अन् तू मशीन तापते म्हणून घाबरतेस?" नवरा अश्वजित कारखान्याला निघता निघता म्हणाला.

"मले दिसलं पाहिजे," ती म्हणाली. "नुसतं सांगू नका."

दिसावं म्हणून तिने काडेपेटीएवढं एक यंत्र मागवलं. कॉम्प्युटर जितका तापेल तितका पंखा जोरात फिरायचा; तो मिनिटाला किती फेरे घेतो तो आकडा त्यावर उमटायचा, आणि पंखा थांबलाच तर ते किंचाळायचं. पण कॉम्प्युटर होता कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून निघालेला, त्याचं सगळंच जगावेगळं. यंत्राच्या प्लगला चार भोकं, पंख्याच्या प्लगला पाच, आणि तारांचे रंगही आपल्याच मर्जीचे.

भंडाऱ्याच्या दुकानातल्या मनिषने फोनवरच हात झटकले. "वहिनी, तो कंपनीवाला पंखा आहे. त्याले बाहेरचं काही लागत नाही. सरळ नवीन कॉम्प्युटर घ्या."

"नवीनच घ्याचा असता तर तुम्हाले कायले फोन केला असता?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स काय उगाच घेतलं होतं? शनिवारी दुपारी मोना झोपल्यावर तिने अश्वजितचा वीज तपासायचा मीटर काढला, एकेक तार तपासली आणि फेऱ्यांची खबर नेणारी तार हुडकली. कॉम्प्युटर बंद करून ती तार तोडली, यंत्राला जोडली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर अडूनच बसला! पंखा चालत नाही, असं पडद्यावर लिहून आलं. पंखा तर डोळ्यांसमोर गरगरत होता. मग तिच्या ध्यानात आलं, सगळी खबर यंत्राने घेतली, कॉम्प्युटरला कोण सांगणार? तिने तोडलेली तार पुन्हा सांधली आणि त्याच सांध्यातून एक फाटा यंत्राकडे काढला. या वेळी कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला, आणि यंत्रावर आकडा उजळला. अकराशे वीस.

रविवारी सकाळी तिने एक लग्न तयार व्हायला लावलं. तास झाला तरी आकडा अकराशेच्या आसपासच. दहाला मोनाच्या आंघोळीची वेळ झाली. तृप्ती घरामागच्या अंगणात, सांदवाडीत, टबातल्या कढत पाण्याला विसण घालत होती, पण आकडा दारातून दिसेल असंच यंत्र तिने टांगलं होतं.

पंधराशे.

तिने डोळे बारीक केले. एकोणीसशे. मग चोवीसशे! तांब्या तिथेच टाकून ती धावली.

कॉम्प्युटरच्या पाठीवर मोनाचं झबलं, टोपडं आणि घडी घातलेली दुपटी पसरली होती, अगदी गरम वारा बाहेर पडायच्या जाळीवर. मालनबाई शेजारी उभ्या राहून झबल्याची बाही उलटत होत्या.

"आई! हे काय करून राहिल्या?"

"हळू बोल, लेकरू दचकन. झबलं शेकून राहिली. तू शेगडी बंद केली, मग थंड झबलं घालू का मी माह्या नातीले?"

तृप्तीला एकदम आठवलं, आंघोळीनंतर मोनाचं झबलं रोज ऊबदार असायचं. तिला वाटे, दोरीवरच्या उन्हाचं असेल.

"म्हणजे रोज शेकता? अन् बंद पडला तेव्हा?"

"तेव्हा गोधडी होती," मालनबाई जरा ओशाळल्या. "मले वाटलं, लाइनच गेली."

तृप्ती खाली बसली आणि पोट धरून हसत सुटली. मग उठून तिने कपडे काढले, मागे एक खुर्ची ठेवली, तिच्या पाठीवर झबलं टाकलं आणि आकडा पाहत पाहत खुर्ची इंच-इंच मागे सारली. हातभर अंतरावर आकडा उतरत उतरत ठिकाणावर आला.

"इथं शेका. आकडा चढला की खुर्ची मांगं."

मोबाइलमुळे आकडे ओळखणाऱ्या मालनबाईंनी मान डोलावली. "अकराशे तीस. बाराशेच्या वर जाऊ देत नाही बघ, मी आहे ना इथं."

आंघोळ झाली. तृप्तीने मोनाला झबलं घातलं, ऊबदार होतं. कॉम्प्युटरच्या मागे हात न धरताच तिने अड्याळला फोन लावला, "पुढचं लग्न पाठवा," म्हणून.