दोन जयराम आणि एक कर्णा

जयरामाच्या पहिल्या मुलीचे, शर्मिलाचे, बारसे झाले त्या वर्षी मी या वाडीत आलो. मित्रांनो, जत्रेला रवळनाथाच्या देवळावर जो भोंगा दिसतो ना, पिवळा रंग उडालेला, एका बाजूला चेपलेला, तो मी. मला सगळे कर्णा म्हणतात. जयरामाने मला कसालच्या बाजारातून आणले. एका हातात बाळाचा पाळणा आणि खांद्यावर मी, असा तो एसटीतून उतरला, तेव्हा बायका म्हणाल्या, "एक रडणारा घरात आसा, दुसरा कित्याक हाडलंस रे?"

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा गोल वळवला, तोंड रुंद केले आणि पाठीला एक युनिट बसवले. आवाज त्या युनिटात उमटतो, मी तो लांब फेकतो. ते युनिट एकदा पावसाने गेले, एकदा विजेने जळले. दोन्ही वेळा नवे बसवले. कडा चेपली ती ठोकून घेतली. रंग तर किती वेळा दिला. तरी हा दुसरा कर्णा आहे असे कोणी म्हटले नाही, मलाही कधी तसे वाटले नाही. म्हणून पुढे जे घडले त्यात मी कोणाला चटकन खोटे ठरवले नाही.

लग्ने, शाळेचा झेंडा, वादळाची सूचना, सगळे मी सांगितले. पण माझे खरे काम जत्रेच्या सकाळचे. त्या दिवशी जयराम उंबऱ्यापाशी उभा राहून गाऱ्हाणे घाली. गाऱ्हाणे म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने एकाने देवाशी बोलायचे. तो म्हणे, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या दारात जमली आसत. चुकला माकला पदरात घे." लोक म्हणत, "व्हय म्हाराजा!" मग ज्याची जी अडचण असेल ती तो पुढे येऊन सांगे. जयराम ती देवाच्या कानावर घाली आणि शेवटी म्हणे, "हेचा काम कर. हो तुका नारळ देतलो. इसारलो, तर माका धर." म्हणजे तो माणूस नारळ द्यायला विसरला, तर देवाने जयरामाला धरावे; असा जयराम प्रत्येकाचा जामीन राही. हा मान त्याच्या घराण्याचा.

पुढे मोठे काळे स्पीकर आले. नाटकाला ते, भजनाला ते. मी देवळाच्या माळ्यावर सुकडांच्या, म्हणजे वाळल्या नारळांच्या, ढिगात पडून राहू लागलो. माझ्या तोंडात पाकोळ्यांनी घरटे केले. जत्रा आली की जयराम मात्र स्वतः शिडी चढे, घरटे रिकामे असल्याचे बघे आणि मला पुसून बाहेर टांगी.

मग जयरामाच्या घशाला रोग झाला. गोव्यात ऑपरेशन झाले. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक पाडले, तिथून तो श्वास घेई. गावात कुजबूज सुरू झाली की यंदा गाऱ्हाणे दुसऱ्या कोणीतरी घालावे. जयराम देवळाच्या पायरीवर येऊन बसे आणि वर माळ्याकडे, माझ्याकडे बघत राही. गाऱ्हाणे गेले तर आपण कोण उरतो, एवढाच प्रश्न त्याच्या तोंडावर असे.

त्याचा पुतण्या यज्ञेश पुण्यात कॉम्प्युटरचे काम करतो. त्याने मागच्या जत्रांचे व्हिडिओ गोळा केले आणि त्यांतून काकाचा आवाज तयार केला. मोबाइलवर लिहायचे, की मोबाइल जयरामाच्या आवाजात बोले. जत्रेच्या आदल्या दिवशी त्याने मला माळ्यावरून काढून टांगले, मोबाइल मला जोडला आणि गंमत म्हणून लिहिले. मी ओरडलो, "कावेरी, खंय गेलंस गो?"

जयरामाची बायको कावेरी देवळाच्या विहिरीवर होती. "हंयच आसंय!" ती म्हणाली. मग तिने वळून पाहिले. जयराम पायरीवर तोंड मिटून बसला होता. तिची कळशी हातातून निसटली.

जयराम मात्र खांदे हलवून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने हाताने खूण केली : उद्या असेच.

देवळाचा गुरव शिवा म्हणाला, "म्हणजे आता दोन जयराम झाले! उद्या दोघांनी दोन गाऱ्हाणी घातली, तर देव कोणाचा आयकतलो?"

"शिवाकाका, आवाज काकांचोच आसा. कानांक विचारा," यज्ञेश म्हणाला.

"कानांचा सांगू नको माका. माझी बायल हाक मारता तीपण माका आयकाक येना नाय."

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणे सुरू झाले. मित्रांनो, इतकी वर्षे तो आवाज माझ्यातून गेला. त्याला माझ्याइतके कोणी ओळखत नसेल. मी खूप शोधले, पण मला फरक सापडला नाही. तोच हेल, तीच खरखर, "म्हाराजा" म्हणताना तोच दम घेणे. लोकही "व्हय म्हाराजा" म्हणाले. जयराम मान ताठ करून उभा होता. मला वाटले, माझे युनिट बदलले तसाच याचा घसा बदलला. बिघडले काय?

इतक्यात वाडीतली काशीबाई पुढे आली. मोबाइलकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ती जयरामाला म्हणाली, "जयरामा, माझ्या लेकीचे, तेजस्वीचे दिवस भरले. डाक्टर म्हणतत, पोर आडवा आसा. देवाच्या कानार घाल रे."

यज्ञेशने भराभर लिहिले. मी बोललो, "बा देवा म्हाराजा, तेजस्वीक सुखरूप सोडव. काशीबाय तुका नारळ देतली. इसारली, तर माका धर."

आणि कोणीच "व्हय" म्हटले नाही.

मोबाइल पुन्हा तेच बोलला. पुन्हा कोणी नाही. शेवटी शिवा हळूच म्हणाला, "इसारली तर देवान धरूचा कोणाक? ह्या डबड्याक?"

काशीबाई पदर पसरून तशीच उभी होती. जयरामाने तिच्याकडे पाहिले. मग तो पुढे आला, पुतण्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोबाइलची वायर काढून माईक लावला. त्याने एक हात उंबऱ्यावर ठेवला, दुसरा आपल्या छातीवर, आणि नुसते ओठ हलवून गाऱ्हाणे घातले. माझ्यातून शब्द आलाच नाही. त्याच्या गळ्यातून जाणारी हवा तेवढी आली, भात्यासारखी. तो थांबला तेव्हा सारे देऊळ म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

तेजस्वी सुटली. देवाने सोडवली की डॉक्टरांनी, ते सांगणे कर्ण्याचे काम नाही. काशीबाई नारळ घेऊन आली आणि आधी जयरामाच्या पाया पडली.

त्यानंतर तशी रीतच पडली. गावाचे गाऱ्हाणे मोबाइल बोले, जामीन राहायला जयराम उभा राही. त्याला त्या आवाजाचा राग कधी आला नाही. तो आवाज त्याचाच होता असे मी आजही म्हणेन. पण तो नुसता आवाज होता, जयराम नव्हता. धरायला गेले तर सापडेल असा जयराम एकच होता.

यंदाच्या जत्रेला यज्ञेशने मोबाइल आणला तेव्हा कावेरी म्हणाली, "आवाज माझ्याकडे दी. घरात ठेवतंय. देवळात माणूस उभो रवाक व्हयो." मग यज्ञेश स्वतः उंबऱ्यापाशी उभा राहिला. चार ठिकाणी अडखळला, गाऱ्हाण्यात एका घराचे नाव घ्यायला विसरला, बायकांनी आठवण करून दिली. "माका धर" म्हणताना त्याचा आवाज चिरकला. मी तो तसाच लांब फेकला.

कावेरी घरी तो मोबाइल लावते का, लावला तर त्याला ओ देते का, मला ठाऊक नाही. मित्रांनो, आपल्या माणसांचे आवाज जरूर साठवून ठेवा. पण माणूस पायरीवर बसलेला आहे तोवर त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि बोलाल त्या शब्दामागे स्वतः उभे राहा.

जयराम यंदाच्या जत्रेआधीच, गेल्या भाद्रपदात, गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आपल्या घरी वारला.