शनिवारची थाप

सोमवार, ४ ऑगस्ट २००८. सकाळी साडेनऊ वाजता दिग्विजय सूर्यवंशी याला पौड रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयात दाखल करण्यात आले. रात्रभर उलट्या आणि जुलाब झाले होते. त्याच्याबरोबर एकाच फ्लॅटवर राहणारा मनीष सोबत होता. केसपेपरवर 'अन्नातून विषबाधा' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले होते.

मनीषने रुग्णालयाच्या जिन्यातून स्वरदाला फोन केला. तिघे हिंजवडीत एकाच कंपनीत कामाला होते.

"दिग्या आज येत नाही. सलाईन लावलंय."

"काय खाल्लं त्याने?"

"काल मालेला गेला होता, म्हसूदादाकडे. अळंबी खाल्ली म्हणतोय."

"कुठली अळंबी?"

"मला काय माहीत? अळंबी म्हणजे अळंबी. डॉक्टरांना सांगितलंय मी."

स्वरदाने फोन ठेवला. समोरच्या स्क्रीनवर अर्धवट लिहिलेला प्रोग्रॅम होता. तिने त्यातली एक ओळ पूर्ण केली, मग ती पुसली.

ऑर्कुट या सोशल नेटवर्किंग साइटवर 'उलटं वटवाघूळ' नावाची कम्युनिटी होती. ती स्वरदाने सुरू केली होती आणि तीच चालवत होती. निसर्गातल्या चमत्कारिक गोष्टी आणि विज्ञानातले विनोद, एवढाच तिथला विषय. सभासद स्वतःला वटवाघळं म्हणवून घेत. बरेचसे हिंजवडीतले, गाव सोडून आलेले आणि सुटीच्या दिवशी काय करायचे हे न सुचणारे. दिग्विजय त्यांच्यातला सर्वांत बोलका. दोन अमीबा भेटतात, एक म्हणतो, तू माझ्यासारखाच दिसतोस. दुसरा म्हणतो, कालपर्यंत मी तूच होतो. हा त्याचा विनोद कम्युनिटीच्या पहिल्या पानावर कायमचा लावलेला होता.

शनिवारी तिथे एक खेळ चाले. स्वरदा तीन गोष्टी टाकायची. दोन खऱ्या, एक थाप. थाप कोणती ते सभासदांनी ओळखायचे. शोधून बघायचे नाही, हा नियम. उत्तर सोमवारी दुपारी, कारण कंपनीत ऑर्कुट फक्त जेवणाच्या सुटीत उघडायचे. उत्तर येईपर्यंत कुणी काहीही विचारले तरी स्वरदा इशारा द्यायची नाही. खेळ तिच्या या कडकपणामुळेच चालतो, असे सगळे म्हणत.

२ ऑगस्टच्या शनिवारी वाकडच्या सायबर कॅफेतून तिने टाकलेल्या गोष्टी अशा होत्या. वॉम्बॅट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याची लीद चौकोनी असते. ऑक्टोपसला तीन हृदये असतात. गोगलगायीने कुरतडलेली अळंबी माणसाला खायला सुरक्षित असते.

दिग्विजयचे मत पहिले आले. 'चौकोनी लीद ही थाप. बिचाऱ्या जनावराचा काही विचार करा. बाकीची दोन्ही खरी.'

त्यानंतर थोड्याच वेळात स्वरदाच्या पानावर उषाताईंचा स्क्रॅप, म्हणजे निरोप, आला. उषाताई वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, कम्युनिटीत वयाने सर्वांत मोठ्या. त्यांनी लिहिले होते, 'स्वरदा, तिसरं आजच काढून टाक. अळंबीचे दिवस आहेत. कुणीतरी खाईल.'

स्वरदाने तिथूनच उत्तर पाठवले होते, 'ताई, सोमवारी सांगतेच आहे. आत्ता सांगितलं तर खेळच संपला.' पुढे हसरा चेहरा. तिच्या खोलीवर इंटरनेट नव्हते. रविवारी तिने कपडे धुतले आणि ती झोपली.

सोमवारी एक वाजता ऑर्कुट उघडले. खेळाखाली वटवाघळे उत्तर मागत होती. स्वरदाने लिहिले, 'तिसरी थाप. गोगलगायीला जे चालतं ते माणसाला चालेलच असं नाही. रानातली अळंबी खाऊ नका. कुणी खाल्ली असेल तर लगेच दवाखान्यात जा.' ती पान बंद करणार तेवढ्यात खाली उत्तरे येऊ लागली. 'गोगलगायीचं उष्टं कोण खाणार?' 'मॅडम आज सिरियस.' 'दिग्या हरला. दिग्या कुठंय?'

तिने डबा न उघडता परत बॅगेत ठेवला.

संध्याकाळी ती रुग्णालयात गेली तेव्हा दिग्विजय झोपलेला होता. मंगळवारी सकाळी मात्र तो उशीला टेकून बसला होता. उलट्या थांबल्या होत्या. त्याने मनीषकडे चहा मागितला आणि मनीषने नाही म्हटल्यावर त्याला कंजूस म्हणाला.

दरवाजाबाहेर डॉक्टरांनी मनीषला सांगितले होते की काही अळंब्यांच्या विषात हा दिवस फसवा असतो. माणसाला बरे वाटते आणि आत यकृत निकामी होत जाते. रक्ताचा रिपोर्ट दुपारी येणार होता.

"काय गं," दिग्विजय म्हणाला, "उत्तर टाकलंस का?"

"टाकलं."

"वॉम्बॅटच ना?"

"नाही. वॉम्बॅटचं खरं आहे."

"म्हणजे खरंच चौकोनी?" तो हसला. हसताना पोट दुखले म्हणून थांबला. "मग ऑक्टोपस?"

"ते पण खरं."

मनीष खिडकीपाशी उभा होता. तो वळला. दिग्विजयने सलाईनची नळी बाजूला सारली. मग त्याने सरळ आवाजात विचारले, "म्हसूदादाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितले नव्हते. अळंबी आणखी कुणी खाल्ली, हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता.

"माझ्यापेक्षा जास्त खाल्ली त्यांनी," दिग्विजय म्हणाला. "मीच वाढली."

म्हसू मरगळे पौडच्या पुढच्या माले गावात शेळ्या राखायचा. दोन वर्षांपूर्वी दिग्विजय किड्यांचे फोटो काढायला त्या बाजूला जाऊ लागला, तेव्हापासून मोटारसायकल म्हसूच्या अंगणात लावायची आणि दुपारी तिथेच जेवायचे, असा शिरस्ता पडला होता. जाताना तो पिरंगुटहून कोंबडी न्यायचा. या रविवारी नेली नव्हती. शनिवारी श्रावण लागला होता.

मनीष आणि स्वरदा मोटारसायकलवरून दुपारी मालेला पोचले. पाऊस बारीक होता. म्हसूची बायको सुंदरा दारात बसून विळीवर भाजी चिरत होती. दिग्विजयबरोबर पूर्वी येऊन गेलेल्या मनीषला ती ओळखत होती.

"म्हसूदादा कुठंयत?"

"शेरडं घिऊन गेल्यात वर. का वो?"

"बरे आहेत का?"

"आता बरं हायेत की. काल लई ढाळ लागलं हुतं. वकून वकून बेजार. आज सकाळी म्हनलं, बरं वाटतंय, बसून काय करू. गेलं." तिने विळी आडवी केली. "तुमचं सायेब न्हाई आलं?"

"दवाखान्यात आहे. वहिनी, अळंबी तुम्हीपण खाल्लीत का?"

"मला कुटं उरली? दोघांनीच संपिवली. मी चटणीभाकर खाल्ली." तिने चिरलेली भाजी ताटात सारली. "म्या म्हनलं हुतं, ही आपल्याकडं करत न्हाईत. तर सायेब म्हनलं, वैनी, श्रावनात कोंबडी न्हाई, ही तरी करा. गोगलगायीनं खाल्लीया, काय हुत न्हाई, कंप्युटरवर वाचलंय. ह्ये म्हनलं, पावना हौसेनं आनतोय तर कर की."

"ते मी लिहिलं होतं," स्वरदा म्हणाली.

"काय लिवलं हुतं?"

"गोगलगायीचं. खोटं होतं ते. खेळ होता एक. खोटं ओळखायचा."

सुंदराने तिच्याकडे पाहिले. राग आलेला दिसत नव्हता. समजून घ्यायचा प्रयत्न दिसत होता.

"मग त्येंनी वळीकलं न्हाई व्हय?"

"नाही."

सुंदरा उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती चहा घेऊन आली. दोघांनी तो घेतला. त्यानंतर मनीषने तिला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले. बरे वाटते तो दिवस फसवा असतो, हे त्याने दोनदा सांगितले. पहिल्यांदा ती नुसती मान हलवत राहिली. दुसऱ्यांदा तिने दिराला हाक मारली.

बहिरू, म्हसूचा धाकटा भाऊ, खाचरातून चिखलाच्या पायांनी आला. त्याने सगळे ऐकले. "ह्या पावसात धुक्यातनं हाक बी जायाची न्हाई," तो म्हणाला. "पन बघतो." तो पावसात पांघरायचे इरले घेऊन डोंगराकडे निघाला. त्याच्याकडे मोबाइल होता. वर एका टेपाडावर रेंज येते, खाली वस्तीत येत नाही, असे त्याने सांगितले आणि मनीषचा नंबर घेतला.

मनीष आणि स्वरदा रस्त्यावर आले. तिथे रेंज होती, कधी असायची, कधी नसायची. मनीषने पौडहून रुग्णवाहिका मागवली. ती आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ड्रायव्हरने विचारले, "पेशंट कुटं हाय?" मनीषने डोंगराकडे बोट केले. ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि तंबाखू मळायला घेतली.

"तू उषाताईंना सांगितलंस?" मनीषने विचारले.

"तुला उषाताईंचं काय माहीत?"

"तुझे स्क्रॅप सगळ्यांना दिसतात, स्वरदा. मी शनिवारीच वाचला होता त्यांचा. मला वाटलं, तू काढशील."

ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

रुग्णालयातून फोन आला. दिग्विजयचा रिपोर्ट आला होता. यकृताचे आकडे बरेच वाढले होते. त्याला अतिदक्षता विभागात हलवत होते आणि त्याच्या घरच्यांना बोलवा, असे सांगितले. मनीषने कोल्हापूरला फोन लावला. दिग्विजयच्या वडिलांशी बोलताना त्याने अळंबी हा शब्द वापरला, खेळाचे सांगितले नाही.

सहाच्या सुमाराला शेळ्या उतरल्या. रस्ता ओलांडून त्या रोजच्यासारख्या आपणहून वस्तीकडे वळल्या. मागे म्हसू नव्हता. सुंदरा बांधापर्यंत आली, तिने शेळ्या मोजल्या नाहीत. ती डोंगराकडे तोंड करून उभी राहिली.

उजेड अजून होता. मनीषने खिशातून मोबाइल काढला, तेव्हा त्यावर बहिरूचा फोन येऊन गेल्याचा मोबाइल कंपनीचा मेसेज होता. मधल्या वेळात रेंज गेली असावी. त्याने परत फोन लावला. नंबर संपर्कक्षेत्राच्या बाहेर होता. त्याने पुन्हा लावला. "फोन आला म्हंजी घावलं आसतील," म्हणत ड्रायव्हरने तंबाखू थुंकली आणि इंजिन चालू केले.