पुरातन जबडा

"मावशी, जरा हसून दाखवा ना," एक चष्मेवाली पोरगी म्हणाली आणि अख्खा वर्ग बाकांवर लोळायला लागला.

मावशी टेबलाशी खिळून उभ्या होत्या. शाळेतली झाडलोट, घंटा, पाणी सगळं त्यांच्याच गळ्यात, आणि हस्तकलेच्या बाईंना हाताखाली माणूस लागलं की तिथेही त्याच. समोर पोरांनी केलेले खोटे जीवाश्म मांडले होते. काल ओल्या प्लास्टरमध्ये शिंपले, हाडकं, पानं पुरायची आणि आज सुकलेला गोळा खिळ्याने टोकरून ती अर्धी बाहेर काढायची, असा तो खेळ. चौथ्या गोळ्यातून दात बाहेर आले होते. खाली चिठ्ठी होती: पुरातन माकडिणीचा जबडा.

कवळी मावशींची होती. नवी म्हणून हिरड्यांना काचायची, त्यामुळे जेवण झालं की त्या ती मोरीपाशी कपात काढून ठेवत. काल दुपारी कप रिकामा दिसला, तेव्हा त्यांनी कचऱ्याचे डबेसुद्धा उपसले होते. आणि प्लास्टर कालवलं कोणी? त्यांनीच. वस्तू पुरती बुडाली पाहिजे रे, असं पोरांना बजावत प्रत्येक गोळा अंगठ्याने दाबला कोणी? त्यांनीच. हा चौथाही. कार्टी तेव्हा गालातल्या गालात हसत होती, आणि मावशींना वाटलं, पोरं कामात रमली आहेत.

आज संध्याकाळी लेकीला मागणी घालायला मुलाचे आईवडील येणार होते. लेकीने स्वतः जमवलेलं, दृष्ट लागावी असं स्थळ. कवळीचा हट्टही तिचाच. मागच्या वेळच्या पाहुण्यांनी आईच्या बोळक्याकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसलं होतं, ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

मावशींनी बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गोळा फोडू द्या, एवढंच मागितलं. बाईंनी आधी ओठ दाबून हसू गिळलं, मग आवाज मऊ केला.

"उद्या प्रदर्शन आहे हो मावशी. पाहुण्यांना हाच दाखवायचाय. पोरांच्या मेहनतीवर हातोडा मारायचा का? एका दिवसाने काय बिघडतंय तुमचं?"

बिघडत होतं. पण नोकरीचं माणूस उलटून काय बोलणार? आणि बोलायला तोंड उघडलं की पुन्हा हशा. मावशींनी टेबलाखालचा चुरा झाडून घेतला. शाळा सुटल्यावर बाई वर्गाला कुलूप लावून किल्ली घेऊन गेल्या.

घरी जाताना वाटेत मावशी आरशाच्या दुकानापाशी थांबल्या. ओठ घट्ट मिटून पाहिले. मिटल्यावर बरं दिसत होतं. फार बोलायचं नाही, मान हलवायची, निभेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

घरी पोचल्या तर पाहुणे आधीच येऊन बसलेले. दारातच त्या गोंधळल्या आणि सवयीने बोलून गेल्या, "आलात का?" शब्दांबरोबर नुसता वारा बाहेर आला. मुलाच्या आईने वर पाहिलं.

लेकीने आईच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण क्षणभरच.

"या मावशी," ती म्हणाली. "आज उशीर केलात. चहा टाका बघू."

शाळेत दिवसभर हीच हाक ऐकायची सवय, म्हणून पाय आपसूक स्वयंपाकघराकडे वळले. गॅसपाशी पोचल्यावर त्यांना समजलं. साखर मात्र त्यांनी बेताचीच घातली, पोरीला गोड चहा चालत नाही म्हणून.

चहा बाहेर नेला. मुलाच्या आईने घोट घेऊन मान डोलावली.

"छान झालाय हो मावशी."

मावशी हसल्या, पदर तोंडावर धरून.

"तुमच्या आई अजून कशा नाही आल्या?" मुलाच्या आईने लेकीला विचारलं. "त्यांना भेटल्याशिवाय काही आम्ही उठणार नाही."

"येईलच आता," लेक म्हणाली.

मावशींनी रिकामे कप उचलले आणि आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं.