माझ्या पोटातले मातीचे घर

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो, आणि गेली कित्येक वर्षे मला कॅमेऱ्यावर उलटी लावतात. चुकून नव्हे, मुद्दाम!

माझे सरळ दिवसही मी पाहिलेले आहेत. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी मला नवी कोरी आणली, तेव्हा घरात आठ दिवस कुणाला हात लावू दिला नव्हता. परीक्षेच्या अर्जासाठी लागणारे फोटो, साखरपुड्याचे फोटो, भोकाड पसरलेली बाळे, पोट आत ओढून उभे राहिलेले काका, असे सगळे माझ्यासमोरून गेले. "हलू नका," असे बाबा म्हणत आणि भलेभले श्वास रोखून बसत. रोज दुकान बंद करताना बाबा मला मऊ कातड्याने पुसत. फार लाड झाले माझे.

मग घरोघरी मोबाइल आले. स्टुडिओत येणारी माणसे कमी झाली आणि एके दिवशी दुकानच बंद झाले. मी कपाटात गेले. बाबांनी मोबाइलशी उभा दावा मांडला. लेकीने घेऊन दिलेला मोबाइल ते फोन घेण्यापुरता वापरत, त्याने फोटो मात्र कधीच काढत नसत.

मला कपाटातून बाहेर काढले ते त्यांच्या लेकीने. ताई कवळ्या बनवते. दिवसभर बारीक दात घासून, बसवून तिचे हात इतके स्थिर झाले आहेत की त्यांत कॅमेरा धरला तर हलत नाही. तिला किड्यांचा आणि त्यांच्या घरांचा भारी नाद. साधी लेन्स उलटी बसवली की मोहरीएवढी वस्तू लिंबाएवढी दिसते, हे तिने कुठेतरी वाचले होते. लेन्स उलटी बसवायची एक कडी आणून तिने मला कॅमेऱ्यावर उलटी फिरवली.

"अगं, उलटी लावलीस!" बाबा ओरडले.

"मुद्दाम लावलीय, बाबा."

"मी ही लोकांचे चेहरे टिपायला आणली होती, किड्यांची बुडं बघायला नाही!"

पण मित्रांनो, खरे सांगते, मला ते आवडले. काड्यांचे घर अंगावर पांघरून चालणारी अळी मी पाहिली. फेसाचा बुडबुडा करून त्यात आरामात बसलेला किडा पाहिला. दिव्याच्या खांबावर, कुंपणावर, बंद पडलेल्या कुलपात, कुठे कुठे घरे असतात! ताई तासन्‌तास गुडघ्यांवर बसायची आणि मी तिच्यापुढे, त्या घराच्या दारापासून दोन बोटांवर असायचे. बाबांच्या स्टुडिओत मला कुणी इतके जवळ जाऊ दिले नव्हते.

आमच्या हातून एक चूक मात्र झाली. सुरुवातीच्या दिवसांत ताईने आत काय आहे ते पाहायला काड्यांचे एक घर कात्रीने उभे कापले. अळीने ते पुन्हा शिवायला घेतले, पण तिला ते जमले नाही. दोन दिवसांनी ती मेली. तो फोटो सुरेख आला होता, तरी ताईने पुसून टाकला. त्यानंतर तिने एकही घर फोडले नाही.

पुढे मुलांसाठी तिचे किड्यांच्या घरांचे पुस्तक निघायचे ठरले. सगळी पाने भरली, एक सोडून. प्रकाशकांना कुंभारीण माशीच्या मातीच्या घराचा आतला फोटो हवा होता. "मुलं विचारणारच, आत काय असतं? एक घर फोडा हो, कोण बघतंय?" ते फोनवर म्हणाले. ताई नाही म्हणाली. "मग तेवढं पान काढून टाकू. शनिवारपर्यंत वाट बघतो," ते म्हणाले. कुंभारीण हीच ताईची सगळ्यांत लाडकी. त्या दिवशी ती नीट जेवलीही नाही.

त्यातच कामाच्या गर्दीत ती चार दिवस माझ्याकडे फिरकली नाही. मी खिडकीशी स्टँडवर उभी होते. उलट्या लेन्सला झाकण बसत नाही, म्हणून बाबांनी मला कापडाची टोपी शिवली होती. ती घालायला ताई विसरली. एक कुंभारीण आली, माझ्या खोबणीत डोकावली आणि ओल्या मातीची गोळी घेऊन परत आली. माझ्या तोंडात घर बांधले जात होते! मी काय करणार? मी तिचे भुणभुणणे ऐकत राहिले.

शुक्रवारी बाबांनी ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. "काच खाईल ही माती! आण ते ओलं फडकं."

"थांबा, बाबा." ताईने कॅमेरा मागून हळूच सोडवला आणि मला स्टँडवर तशीच ठेवली. मग तिने माझ्या दुसऱ्या टोकाला डोळा लावला. ती त्यांच्यासाठी बाजूला सरकली.

बाबांनी डोळा लावला. कुंभारणीने माझ्या काचेवर माती लावलीच नव्हती. त्या घराची एक भिंत मीच होते. छतापासून एका धाग्याने अंडे लटकत होते आणि खाली होणाऱ्या पिल्लासाठी हिरव्या अळ्यांची शिदोरी रचून ठेवलेली होती. घर न फोडता सगळे दिसत होते.

बाबा ओल्या फडक्याचे विसरूनच गेले. "पांढरा कागद आण," ते म्हणाले. खिडकीतले ऊन त्यांनी कागदावरून हलकेच आत वळवले, अगदी स्टुडिओतल्यासारखे. ताईचा कॅमेरा इतका जवळ मावेना. मग बाबांनी खिशातून मोबाइल काढला, तो माझ्या काचेला टेकवला आणि त्या अंड्याला म्हणाले, "हलू नका."

ताई हसली आणि लगेच रडली.

फोटो शनिवारी गेला. मला मात्र कुणी पुसले नाही. ताईचे फोटो काढण्याचे सगळे काम सत्तावीस दिवस अडले आणि बाबा डोळ्यांत तेल घालून माझी राखण करत बसले. "पंखा लावू नका, माती तडकेल," असे आल्यागेल्याला बजावत. अठ्ठाविसाव्या सकाळी मातीला बारीक भोक पडले. एक नवी कोरी कुंभारीण बाहेर आली, माझ्या कडेवर बसून तिने पंख वाळवले आणि गेली. माझ्या काचेवर तिचा तांदळाएवढा डाग राहिला आहे. फोटोच्या कोपऱ्यात जरासे धुके येते. ताई म्हणते, येऊ दे.

पुस्तक आले. प्रत्येक फोटोखाली ते घर कुठे सापडले हे ताईने लिहिले आहे. त्या पानावर लिहिले आहे : 'माझ्या बाबांच्या लेन्समध्ये. छायाचित्र : माझे बाबा.' बाबांनी आयुष्यभर हजारो माणसांचे फोटो काढले, पण एकाही फोटोखाली तो बाबांनी काढला असे कधी कुणी छापले नव्हते. ते पान त्यांनी तीनदा वाचले. मग मऊ कातडे शोधून काढले आणि कितीतरी वेळ मला पुसत बसले.

मी सुखी आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या कपाटात असतील, त्यांना एकदा हातात घ्या, उलटसुलट करून पाहा. आणि तुमच्या खिडकीत कधी मातीचे इवलेसे घर दिसले, तर फडके घेऊन धावू नका. महिनाभर थांबा. मातीचा डाग नंतरही पुसता येतो.